मागे राहिलेल्या पाऊलखुणांचा हिशेब

सूरह यासीन आपल्या घराघरांत पढली जाते. मरणासन्न माणसाच्या उशाशी तर ती आवर्जून पढली जाते. तिच्या बाराव्या आयतीत एक गंभीर इशारा आहे. माणसाने पुढे पाठविलेल्या कर्मांबरोबर त्याने मागे ठेवलेल्या पाऊलखुणाही अल्लाह लिहून ठेवीत आहे. या पाऊलखुणांचा अर्थ मुफस्सिरांनी असा सांगितला आहे की, कर्त्याच्या मृत्यूनंतरही चालू राहणारे त्याच्या कर्मांचे बरेवाईट परिणाम त्यांत येतात. विहीर खोदणारा जातो, पण तहानलेला तिचे पाणी पीत राहतो आणि पुण्य खोदणाऱ्याच्या खाती जमा होत राहते. ‘सदका-ए-जारिया’ची ही बाजू आपण आनंदाने सांगतो. दुसऱ्या बाजूविषयी मात्र क्वचितच बोलतो.

याच कुरआनात आणखी एक तत्त्व वारंवार आले आहे. ओझे वाहणारा कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. मग प्रश्न उभा राहतो. जे नुकसान करण्याचा माझा हेतू नव्हता, कोट्यवधी माणसांच्या कृत्यांत ज्यातील माझा वाटा कणभर आहे, आणि जे माझ्या मृत्यूनंतर मी कधी न पाहिलेल्या माणसाला सोसावे लागेल, त्याचे ओझे माझे आहे की नाही? पर्वतांवर वितळणाऱ्या बर्फाने हा प्रश्न आज आपल्या दारात आणून ठेवला आहे.

हिमनदीचे स्वरूप प्रथम समजून घेऊ. उंच पर्वतावर दरवर्षी हिम पडते, थरावर थर साचतात, दाबाने त्यांचा घट्ट बर्फ होतो आणि तो स्वतःच्याच भाराने उताराकडे अत्यंत संथपणे सरकत राहतो. खालच्या उबदार भागात तो वितळतो व नदीला पाणी मिळते. वरची भर आणि खालची तूट यांचा मेळ बसतो तोवर हिमनदी टिकते. सूरह मोमिनूनच्या अठराव्या आयतीत अल्लाहने आकाशातून मापाने पाणी उतरविल्याचा, ते भूमीत साठविल्याचा आणि ते काढून घेण्यासही आपण समर्थ असल्याचा उल्लेख केला आहे. हिमनदी पाहणाऱ्याला या ‘मापा’चे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही.

हवा तापली की हा मेळ मोडतो. परंतु परिणाम लगेच पुरता दिसत नाही. नव्या तापमानाशी जुळवून घेण्यास हिमनदीला कित्येक दशके लागतात, मोठ्या हिमनद्यांना त्याहूनही अधिक काळ लागतो. आज जी हिमनदी मागे हटत आहे, ती बऱ्याच अंशी मागच्या पिढ्यांच्या धुराला उत्तर देत आहे. आपल्या धुराचे उत्तर आपल्या नातवंडांना मिळेल. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार पृथ्वीचे तापमान आजच्याच पातळीवर थांबले, तरी ग्रीनलँड व अंटार्क्टिकाचे विशाल हिमस्तर वगळता जगातील हिमनद्यांचा सुमारे ३९ टक्के बर्फ कालांतराने जाणारच आहे. हिंदुकुश-हिमालयात २०११ ते २०२० या दशकात बर्फ घटण्याचा वेग आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्क्यांनी अधिक होता.

यात एक फसवी अवस्था येते. बर्फ अधिक वितळू लागला की सुरुवातीची काही वर्षे नदीला पाणी वाढते. खालच्या शेतकऱ्याला ती बरकत वाटते. प्रत्यक्षात मुद्दल खर्च होत असते. ती सरली की पाणी उतरणीला लागते. अल्लाह माणसाला मोहलत देतो आणि माणूस त्या मोहलतीलाच पसंतीची खूण समजून बसतो, याविषयी कुरआनने वारंवार सावध केले आहे. बर्फाने दिलेली ही काही दशकांची मोहलत आपण कशी वापरतो, यातच आपली परीक्षा आहे.

परिणाम जसा उशिरा येतो तसा तो दूरही पडतो. मे २०२२ मध्ये हुंझा खोऱ्यात शिश्पर हिमनदीने अडविलेले सरोवर फुटले आणि हसनाबादचा पूल वाहून गेला. ज्या देशात हे घडले, त्याचा जगाच्या हरितगृह वायूंतील वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. ग्रीनलँडचे उदाहरण तर अधिकच विलक्षण आहे. तेथील सारा बर्फ वितळला तर जगातील समुद्र सरासरी सुमारे सात मीटर चढेल. परंतु एवढ्या प्रचंड हिमराशीचे गुरुत्वाकर्षण समुद्राला आपल्याकडे ओढून धरीत असते. ती घटली की ग्रीनलँडच्या जवळचा समुद्र खाली जातो आणि दूरचा समुद्र सरासरीहून अधिक वाढतो. रायगड-रत्नागिरीच्या खाडीकाठी राहणाऱ्या कुटुंबाला ग्रीनलँड नकाशात शोधावे लागेल, पण तेथला बर्फ त्यांच्या भरतीच्या पाण्यात येऊन मिसळला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘माझा हेतू वाईट नव्हता’, हे पहिले उत्तर असते. सहीह बुखारीत माननीय नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या कथनाने आलेला नौकेचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. खालच्या मजल्यावरील लोकांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून आपल्याच भागात छिद्र पाडावे, असा विचार त्यांनी केला. येथे हेतू वाईट नव्हता, छिद्रही स्वतःच्याच वाट्यात होते; तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले की त्यांना रोखले नाही तर सर्वच बुडतील. अजाणतेपणाला अल्लाहच्या दरबारी क्षमा आहे. परंतु पाणी कोठून येत आहे हे कळल्यानंतर अजाणतेपणाचे निमित्त उरत नाही. आजच्या नौकेत एक फरक आहे. छिद्र पाडणारे बहुतांशी वरच्या मजल्यावर आहेत आणि पाणी आधी खालच्यांच्या पायांशी येत आहे.

‘माझा वाटा कणभर आहे’, हे दुसरे उत्तर. पण सूरह जिलजालने कणाचाच हिशेब सांगितला आहे. वाईट प्रथा पाडणाऱ्यावर तिच्यामागून चालणाऱ्यांच्या पापाचाही भार येतो आणि त्यांचे पाप मात्र कमी होत नाही, असे सहीह मुस्लिममधील हदीस सांगते. येथे दुसऱ्याचे ओझे आपल्या खांद्यावर येत नाही; आपणच घालून दिलेल्या वाटेचे ओझे येते. दोन आयतींतील वरवरचा विरोध येथे मिटतो. शिवाय फिक्हचा एक मान्य नियम असा की, ज्याला लाभ, त्याच्यावर भार. म्हणून चुलीवर भाकरी भाजणारी गरीब स्त्री आणि कोळशावर संपत्ती उभारणारी राष्ट्रे व कंपन्या यांचा हिशेब एक असू शकत नाही.

‘पुढच्यांचे अल्लाह पाहील’, हे तिसरे उत्तर. इराकची सुपीक ‘सवाद’ भूमी जिंकली गेली, तेव्हा ती सैनिकांत वाटून द्यावी असा आग्रह अनेक मान्यवर सहाबांनी धरला. माननीय उमर (रजि.) यांनी ते मानले नाही. सर्व वाटून टाकले तर नंतर येणाऱ्यांसाठी काय उरेल, हा त्यांचा प्रश्न होता. सूरह हश्रमधील ‘त्यांच्यानंतर येणाऱ्यां’च्या उल्लेखाचा आधार घेऊन त्यांनी जमीन कसणाऱ्यांकडेच ठेवली व तिचा खराज सर्वांसाठी राखला. जन्मालाही न आलेल्या माणसांचा हक्क त्यांनी समोर उभ्या असलेल्या योद्ध्यांच्या मागणीपुढे ग्राह्य धरला. अल्लाहवरील त्यांचा भरवसा आपल्याहून कमी होता काय?

बाल्टिस्तानच्या मुस्लिम गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक प्रथा आहे. दोन हिमनद्यांचा बर्फ, एक नर व एक मादी मानून, लोक पाठीवर वाहून उंचावरच्या सावलीच्या कपारीत नेतात, झाकून ठेवतात आणि दुआ करतात. अशी ‘लावलेली’ हिमनदी वाढायला कित्येक वर्षे लागतात. तिचे पाणी आपल्याच ओंजळीत येईल अशी वाहून नेणाऱ्याला खात्री नसते. कियामत समोर येऊन ठेपली तरी हातातील रोप लावून टाकावे, या प्रेषितांच्या शिकवणुकीचे हे बर्फातील रूप म्हणावे लागेल.

आपण मोठी हिमनदी वाचवू शकणार नाही, हे खरे. पण डिझेल, वीटभट्ट्या आणि जाळलेला पेंढा यांची काजळी उत्तर भारतातून हिमालयाच्या बर्फावर जाऊन बसते व तो अधिक वेगाने वितळवते. ही काजळी हवेत फार तर काही आठवडेच टिकते, म्हणून ती थांबविल्याचा लाभही लवकर मिळतो. वलीम्यातील उधळपट्टी, मशिदीच्या वुजूखान्यात वाहणारा नळ, गरजेवाचून फिरणारे वाहन, यांना इसराफ म्हणण्याचे धैर्य आपल्याकडे हवे. आणि ज्यांचा वाटा मोठा आहे त्यांना जाब विचारणे, हेही वाईटापासून रोखण्याच्या आपल्या कर्तव्यातच मोडते.

एके दिवशी आपल्याही उशाशी सूरह यासीन पढली जाईल. बारावी आयत येईल तेव्हा आपल्या मागे राहिलेल्या खुणा कोणाच्या तरी ओंजळीतील पाणी ठरोत, कोणाच्या घरात शिरलेले पाणी न ठरोत. अल्लाह आपणा सर्वांना तशी सद्बुद्धी व सामर्थ्य देवो. आमीन.