शेलक्या शिव्यांचे सुख

भावाला नुसते ‘मूर्ख’ म्हणणारासुद्धा नरकाग्नीचा धनी होतो, अशी ताकीद येशूने डोंगरावरील प्रवचनात दिली आहे. एलिझाबेथच्या काळातल्या लंडनकराला हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. १५५९ च्या कायद्याने चर्चला जाणे सक्तीचे होते, दांडी मारली तर १२ पेन्स दंड. तोच माणूस आठवड्यातल्या एखाद्या दुपारी एक पेनी मोजून नाटकगृहाच्या उघड्या अंगणात उभा राही आणि ‘मूर्ख’ ही लाडाची हाक वाटावी अशा शिव्या ऐकून खिदळे. हे हसणे पाप म्हणायचे का?

राज्यकर्त्यांना चिंता होती ती वेगळीच. १६०६ मध्ये संसदेने रंगमंचावर देवाचे नाव थट्टेवारी घेण्यास १० पौंड दंड लावला. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा संग्रह उघडला, तर ‘हेन्री चौथा’च्या पहिल्या भागात राजपुत्राचा लठ्ठ दोस्त फॉल्स्टाफ याच्या तोंडच्या देवाच्या शपथा गाळलेल्या दिसतात. माणसांना घातलेल्या शिव्या मात्र शाबूत आहेत. देवाची अब्रू कायद्याने राखली, माणसाने आपली आपण सांभाळावी!

त्याच नाटकातला ईस्टचीपच्या गुत्त्यातला प्रसंग पाहावा. राजपुत्र हॅल फॉल्स्टाफच्या पोटावर घसरतो. या देहाखाली पलंगांचे आणि घोड्यांचे काय होत असेल, हे रंगवून सांगतो. फॉल्स्टाफ त्याच्या काटकुळेपणावर तुटून पडतो. वाम माशाची कातडी, सुका मासा, शिंप्याची गजकाठी अशी माळच लावतो, आणि मध्येच त्याला धाप लागते. तेव्हा हॅल म्हणतो, जरा दम खा आणि पुन्हा सुरू कर. ज्याला खरोखर चिरडायचे असते, त्याला कोणी दम खाऊ देत नाही. हा दोघांनी मिळून मांडलेला डाव आहे, म्हणून पाहणाराही निर्धास्त हसतो.

दुसऱ्या भागाच्या शेवटी हॅल राजा होतो. राज्याभिषेकानंतर भर रस्त्यात फॉल्स्टाफ त्याला हाक मारतो, तर राजा त्याला झिडकारतो. तेव्हाही लठ्ठपणावर शेरा आहेच. याच्यासाठी थडगे इतरांहून रुंद लागेल, अशा अर्थाचा. विनोदाचा विषय तोच, देहही तोच. पण पाठोपाठ राजा बजावतो की उलट थट्टा करायची नाही, आणि हसू जागीच विरते.

थट्टा ही एक प्रकारची निंदाच, हे अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मान्य केले, तरी सभ्य विनोदाला त्याने सद्गुणांत जागा दिली. थॉमस हॉब्ज एवढा उदार नाही. ‘लेव्हायथन’मध्ये (१६५१) तो सांगतो की दुसऱ्याचे व्यंग दिसताच एकाएकी जो बडेपणा वाटतो, त्यातून हसू फुटते, आणि ज्यांच्या अंगी फारसे काही नसते त्यांना ते जास्त फुटते. गुत्त्यातल्या प्रसंगाला हे लागू पडत नाही. फॉल्स्टाफपुढे आपण बडे आहोत, असे कोणाही प्रेक्षकाला वाटत नसते. ‘किंग लिअर’पाशी मात्र हॉब्ज झोंबतो.

लिअर राजाच्या सेवेसाठी वेष पालटलेला केंटचा अर्ल राजाची मुलगी गोनेरिल हिच्या कारभाऱ्यावर, ऑस्वाल्डवर, जी सरबत्ती करतो ती ऐकायला झकासच आहे. पण तिच्यात नेमके काय काय आहे? भित्रेपणा आणि लाळघोटेपणा तर आहेच. शिवाय हा उरलेसुरले खातो, मोजके तीन पोशाख बाळगतो, लोकरीचे जाडेभरडे मोजे घालतो, याची सारी इस्टेट एका पेटीत मावते, हेही त्याच्या माथी मारलेले आहे. म्हणजे एक सरदार नोकराला नोकर असल्याबद्दल शिव्या देतो आहे. ऑस्वाल्डला धड उत्तर सुचत नाही आणि प्रेक्षक खूश होतात. लिअरचा जावई कॉर्नवॉल याने केंटला खोड्यात घातले की तेच हळहळतात. ऑस्वाल्डने म्हाताऱ्या राजाचा उपमर्द केला होता, त्याची ही सव्याज परतफेड, असे म्हणता येईल. पण ते समर्थन मोज्यांपर्यंत पोचत नाही.

पुढे एडगरच्या हातून मरताना हाच ऑस्वाल्ड त्याला विनवतो, मला मूठमाती दे आणि जवळचे गोनेरिलचे पत्र तिच्या प्रियकराला, एडमंडला, पोचव. मालकिणीचे काम अडू नये, ही त्याची शेवटची काळजी. दुष्टाव्याच्या या हस्तकाला शेक्सपिअरने एवढी निष्ठा का दिली असावी, ते नीट कळत नाही, अशी टीप सॅम्युएल जॉन्सनने आपल्या १७६५ च्या आवृत्तीत लिहून ठेवली. प्रेक्षक केंटला डोक्यावर घेतात, तेही त्याच्या स्वामिनिष्ठेसाठीच.