त्याग की ऋण?



सोलापुरात आपण नळाखाली घागर धरतो. पाणी कोठून येते असे वर्गात विचारले की मुले एका सुरात म्हणतात, "उजनीहून, गुरुजी!" ते पाणी कोणाच्या अंगणावर उभे आहे, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. यशवंतसागरात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यावर शेती पिकते, शहरे तहान भागवतात, १२ मेगावॅटचे वीजघर चालते. त्याच पाण्याखाली करमाळा, इंदापूर, कर्जत या तालुक्यांतील गावे गेली. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला होडीने जातात. देऊळ दगडाचे, म्हणून टिकले. कुडाची घरे वर येत नाहीत.

मग धरण नको होते काय? तसे नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनीच दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. पाणी अडवणे हे बहुजनांच्या हिताचेच काम आहे. माझा आक्षेप एका शब्दाला आहे. आपण म्हणतो, "धरणग्रस्तांनी त्याग केला."

आपण रोज पंचशील म्हणतो. दुसरे शील सांगते, न दिलेले घेऊ नये. त्याग स्वखुशीचा असतो. ज्याच्या हाती नोटीस पडली, त्याने काय दिले? त्याच्याकडून घेतले गेले. आणि ज्याचे नाव सातबारावरच नव्हते, त्या शेतमजुराचे काय? त्याची जमीन गेली नाही, म्हणून जमिनीचा मोबदलाही नाही. पण बांधावरची रोजची भाकरी गेली, ती कोणी मोजली?

तुम्ही म्हणाल, प्रत्येकाची संमती घेत बसलो तर एकही धरण होणार नाही. कबूल. पण मग त्याला त्याग म्हणू नका, ऋण म्हणा. त्यागाला हारतुरे पुरतात, ऋण फेडावे लागते. बहुजनांच्या हिशेबात उठवला गेलेला माणूसही धरावा लागतो.

१९२७ साली महाडला आपण पाण्यावरचा हक्क मिळवण्यासाठी उभे राहिलो. हक्क सांगणाऱ्याने ऋणही ओळखले पाहिजे. उद्या नव्या गावठाणातला एखादा माणूस कामाच्या शोधात तुमच्या वस्तीत आला, तर त्याला उपरा म्हणू नका. तुमच्या घागरीत त्याचे गाव आहे.