जाते आणि हप्ता

घरात पहिल्या अपत्याची चाहूल लागली आहे आणि पगारातून दरमहा कर्जाचा हप्ता जात आहे. अशा तरुण पतिपत्नीने एक तारखेला पैसा प्रथम कशासाठी बाजूला काढावा, हप्त्यासाठी की गर्भवतीच्या ताटासाठी? वाचकहो, प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

कोणाचे देणे ठेवू नये, असे प्रेषित पौल रोमकरांस बजावतो (१३:८). अलीशाही विधवेला तेल विकून आधी देणे फेडण्यास व उरलेल्यावर निर्वाह करण्यास सांगतो (२ राजे ४). तिचे दोन मुलगे धनको दास म्हणून नेणार होता. म्हणजे फेड हीसुद्धा मुलांसाठीच होती.

परंतु अनुवाद २४:६ पाहा. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेण्यास तेथे मनाई आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे. मूळ इब्री शब्द 'नेफेश'. भाषांतरकाराला येथे 'उपजीविका' हा सौम्य पर्याय सुचतो. मला तो पटत नाही. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलमही ऋणकोची स्वयंपाकाची भांडी व अंथरूण जप्तीतून वगळते.

गर्भवतीचे दूध, डाळ, पालेभाजी, तपासणीस जाण्याचे गाडीभाडे हे त्या घराचे जाते आहे. त्यातून हप्ता भरणाऱ्या पतीला आपण प्रामाणिक म्हणतो. पण जे गहाण टाकण्याचा त्याला अधिकार नव्हता, तेच त्याने टाकलेले असते.

मात्र हा शब्द ताणू नये. बाप्तिस्म्याची मेजवानी जाते नव्हे. नवा पाळणाही नव्हे. मंडळीतल्या एखाद्या घरी जुना पडून असतोच. व्याजाला इब्रीत 'नेशेख' म्हणतात, आणि त्याचा धातू 'चावणे' असा आहे. क्रेडिट कार्डावर ४०,००० रुपये थकले व दरमहा साडेतीन टक्के आकारणी असली, तर महिन्याला १,४०० रुपये नुसत्या व्याजात जातात. मुद्दल जागच्या जागी. अधिक चावणारे देणे आधी फेडावे. नातलगाचे बिनव्याजी देणे थांबू शकते, पण तसे त्याला तोंडाने सांगितले पाहिजे.

जामीन राहून अडकलेल्याने झोपही न घेता शेजाऱ्याची विनवणी करावी, असे नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आहे. बँकेचा अधिकारी शेजारी नव्हे, तरी हप्ता चुकण्यापूर्वीच त्याच्याकडे मुदत मागावयास जावे. आणि निघण्यापूर्वी हिशेबाची वही पत्नीपुढे उघडावी. पुष्कळ घरांत ती तिला दाखवलीच जात नाही, आणि पोटाला चिमटा घेऊन काटकसर करणारी मात्र तीच असते.