स्मरणरंजन : सापेक्ष आणि निरपेक्ष

१

मराठी समीक्षाव्यवहारात ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा बहुधा निवाड्यासारखी वापरली जाते. एखाद्या ललित लेखसंग्रहाला वा आत्मचरित्राला ‘स्मरणरंजनपर’ म्हटले, की त्याविषयी अधिक काही बोलण्याची गरज उरली नाही असे आपण गृहीत धरतो. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही हा शब्द याच अर्थाने आत्मसात करतात. या निंदाव्यंजक छटेला सबळ कारण आहे. ‘बलुतं’ (१९७८) आणि त्यानंतरची दलित आत्मकथने वाचलेल्या वाचकाला हे कळून चुकले, की गावाकडच्या सुखद आठवणी हीदेखील एक मिरासदारी असते. ती सर्वांच्या वाट्याला येत नाही. तथापि निवाडा योग्य असला तरी त्यामागील आरोपपत्र नीट मांडले जाते असे नाही. ते मांडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘रंजन’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या धातूत रंगवणे आणि संतुष्ट करणे असे दोन्ही अर्थ आहेत. त्यांतून दोन स्वतंत्र आरोप निष्पन्न होतात. स्मरणरंजन भूतकाळाला नसलेला रंग देते, म्हणजे ते असत्य आहे, हा पहिला आरोप. आणि ते स्मरणकर्त्याला व त्याच्यासारख्यांना सुखावते, इतरांना वगळते, म्हणजे ते अन्याय्य आहे, हा दुसरा. पहिल्या आरोपाच्या संदर्भात न्यायपरंपरेतील एक भेद उपयोगी ठरतो. अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन प्रकार मानले आहेत. प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव. स्मृती यथार्थ असू शकते, परंतु ती केवळ संस्कारातून उपजत असल्यामुळे प्रमा ठरत नाही. याचा अर्थ असा, की स्मृतीजवळ जे सत्य असते ते पूर्वानुभवाकडून उसने घेतलेले असते. मग प्रश्न असा, की हे ऋण फेडण्याची नैतिक जबाबदारी स्मरण करणाऱ्यावर असते काय? स्वतःचेच आयुष्य कोणी गोड रंगात रंगवले, तर त्याने नेमका कोणाचा अपराध केला?

या प्रश्नाची चर्चा मी एका अपरिचित वाटेल अशा संहितेच्या आधारे करू इच्छितो. ‘बीच बॉइज’ या अमेरिकन वाद्यवृंदाचा प्रमुख रचनाकार ब्रायन विल्सन (१९४२–२०२५) याने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी प्रसिद्ध केलेला ‘दॅट लकी ओल्ड सन’ (२००८) हा अल्बम ही ती संहिता होय. लोकप्रिय संगीताची उदाहरणे आपल्या चर्चाविश्वात सहसा येत नाहीत. परंतु स्मरणरंजनाचा उघड बाजार जेथे भरतो, तेथेच त्याच्या नीतीची कसोटी लागते.

२

‘संकल्पना-अल्बम’ म्हणजे सुटी गीते एकत्र न करता एका आशयसूत्रात ओवलेली गीतमालिका. ‘दॅट लकी ओल्ड सन’मध्ये सतरा तुकडे आहेत आणि ते सारे मिळून चाळीस मिनिटांच्या आत संपतात. लॉस एंजेलिस या शहरातील एक दिवस, त्याची सकाळ ते रात्र, हे त्याचे दृश्य सूत्र. आणि त्याच शहरात वाढलेल्या, भरकटलेल्या व परतलेल्या एका माणसाचे आयुष्य हे त्याखालचे सूत्र. गीतांच्या मधे गद्य निवेदने आहेत. ती व्हॅन डाइक पार्क्स या कवी-संगीतकाराने लिहिली आहेत. गीतांच्या शब्दांत विल्सनचा प्रमुख सहकारी स्कॉट बेनेट हा त्याच्या वाद्यवृंदातील वादक होता. शीर्षकगीत मात्र उसने आहे. ते १९४९ साली अमेरिकेत गाजलेले गीत असून मालिकेत ते पुनःपुन्हा, ध्रुवपदासारखे परतते.

या संहितेची निर्मितीही लक्षात घेण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियाच्या आठवणींची ही मालिका लंडनच्या साउथबँक सेंटरने मागणी नोंदवून करवून घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये तेथील रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ती प्रथम सादर झाली. पुढच्या वर्षी ती प्रसिद्ध केली कॅपिटॉल या कंपनीने. १९६२ साली ‘बीच बॉइज’शी करार करणारी कंपनी हीच. आठवणीला येथे ग्राहक आहे, विक्रेता आहे आणि दोघांनाही काय हवे आहे ते ठाऊक आहे. स्मरणरंजनाविरुद्धचा खटला चालवायला याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

३

पहिला आरोप असत्याचा. तो सिद्ध करणे सोपे वाटते. अल्बमच्या शेवटच्या गीतात भावांबरोबर, एकमेकांना आधार देत गाण्याच्या स्वप्नाचा उल्लेख येतो. वस्तुस्थिती अशी, की या कुटुंबाचा इतिहास कलहाचा होता. वडील मरी विल्सन हे जाचक होते. त्यांना १९६४ साली मुलांनीच व्यवस्थापकपदावरून दूर केले आणि १९६९ साली त्यांनी मुलाच्या गीतांचे हक्क सात लाख डॉलरांना विकून टाकले. विल्सनच्या आयुष्याची अनेक वर्षे मानसिक आजारात आणि व्यसनात गेली. अल्बममध्ये वडील जवळजवळ नाहीत. आजार आहे, पण सूचनेपुरता: पंचविसाव्या वर्षी आपण दिवा मालवला, असे एका गीतातील निवेदक सांगतो. पंचविसावे वर्ष म्हणजे १९६७. ‘स्माइल’ हा महत्त्वाकांक्षी अल्बम विल्सनने त्याच वर्षी अर्धवट सोडून दिला.

परंतु असत्याचा आरोप ठेवण्यापूर्वी स्मृतीचा विषय कोणता, हे ठरवावे लागते. तीन विल्सन बंधूंपैकी लाटांवर फळी घेऊन खरोखर स्वार होणारा एकटा डेनिस होता. ब्रायनची साठच्या दशकातील समुद्रगीते मुळातच अनुभवाची नव्हती. एका खोलीत पियानोपाशी बसून कल्पिलेल्या तारुण्याची ती गीते होती. २००८ च्या अल्बममधील एक गीत ‘सर्फर गर्ल’ची आठवण जागवते, तेव्हा त्या आठवणीचा विषय १९६३ सालचे गीत आहे, कोणी मुलगी नव्हे. आणि ते गीत त्याने खरोखरच रचले होते. अन्नंभट्टाच्या भाषेत सांगायचे तर ही स्मृती यथार्थ आहे. फक्त ज्या अनुभवाचा संस्कार तिच्या मुळाशी आहे, तो समुद्रकिनाऱ्याचा नसून रचनेचा आहे. स्मरणरंजनपर म्हणून बाजूला सारलेल्या पुष्कळ कलाकृतींची या दृष्टीने फेरतपासणी करता येईल. त्यांत आठवला जातो तो गाव, की गावाविषयी पूर्वी वाचलेले आणि लिहिलेले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

वडिलांविषयीच्या मौनाचे काय? अविशाय मार्गालित या तत्त्वज्ञाने ‘द एथिक्स ऑफ मेमरी’ (२००२) या ग्रंथात क्षमा आणि विस्मरण यांत भेद केला आहे. क्षमा करणारा अपराध विसरत नाही. त्या अपराधाला आपल्या वर्तनाचे कारण होऊ देत नाही. विल्सन विसरला नव्हता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या पुस्तकात तो वडिलांच्या क्रौर्याविषयी बोलतो. एका संहितेतील मौन दुसऱ्या संहितेतील कथनाच्या शेजारी ठेवून वाचले, तर ते लपवाछपवी ठरत नाही. येथे एक तत्त्व मांडता येईल असे वाटते: स्वतःला झालेल्या जखमेविषयी गप्प राहण्याचा, किंवा तिच्यावर सौम्य रंग चढवण्याचा अधिकार जखम झालेल्याला असतो. साक्ष देणे हे मोठे नैतिक कर्म आहे, पण ते सक्तीचे करता येत नाही.

४

तरीही एक शंका उरते. जे कायमचे गेले ते परत येऊ शकेल असा भ्रम स्मरणरंजन निर्माण करते, आणि खरे असत्य तपशिलात नसून या आशेत असते, असे कोणी म्हणेल. ही शंका अधिक गंभीर आहे. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तो घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. आणि त्याच्या लेखी त्या रोगावर घरी पाठवणे हाच खरा उपाय होता. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली पुनःस्थापक आणि चिंतनशील असे त्याचे दोन प्रकार कल्पिले. हा भेद आज सर्वपरिचित आहे. मला मात्र येथे भरताचा एक जुना भेद अधिक नेमका वाटतो. ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ शृंगार यांतील फरक सांगताना भरत म्हणतो, की विप्रलंभ हा सापेक्ष भाव आहे आणि करुण निरपेक्ष. विरहात पुनर्भेटीची अपेक्षा शिल्लक असते; शोकात ती संपलेली असते. दोन्हींत अश्रू सारखेच असले तरी त्यांचा काळाशी असलेला संबंध वेगळा असतो.

या भेदाच्या प्रकाशात विल्सनचा उत्तरकाल पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याने ‘स्माइल’ हा सदतीस वर्षे अपुरा राहिलेला प्रकल्प लंडनमध्ये पूर्णरूपात सादर केला. तो विप्रलंभ होता, आणि पुनर्भेट खरोखर झाली. अपुरी रचना पुरी करता येते. चार वर्षांनंतरच्या या अल्बममध्ये १९६७–६८ च्या सुमारास अपुरे राहिलेले आणखी एक गीत येते. या वेळी मात्र तो ते पूर्ण करत नाही. मिनिटभराचा एक तुकडा ऐकू येतो आणि लगेच मध्यरात्रीचे, हरवलेल्या वर्षांचे गीत सुरू होते. करता येणारी गोष्ट न करता सोडून देण्यात अपेक्षेचा त्याग आहे. अडोर्नोला बेथोव्हेनच्या उत्तरकालीन रचनांत ज्या फटी दिसल्या, त्यांचा येथे जवळजवळ अभाव आहे. सारे सुसंवादी, गोड आहे. परंतु हा एक तुकडा त्या गोडव्यात तुटलेलाच राहतो.

त्यानंतर येते भावांचे गीत. डेनिस १९८३ साली बुडून मरण पावला, कार्ल १९९८ साली कर्करोगाने. ‘बीच बॉइज’ची ओळख असलेला एकत्र स्वरमेळ या गीतात आहे, पण तो नव्या वाद्यवृंदातील गायकांचा आहे. श्रोत्याला ज्या आवाजांविषयी सांगितले जाते, ते आवाज त्याला ऐकू येत नाहीत. शब्द आठवण रंगवतात आणि नाद त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. विप्रलंभाच्या वेशात आलेला हा करुण आहे. स्मरणरंजनाची नैतिक कसोटी मला येथे सापडते: आठवण गोड आहे की कडू हे गौण; ती सापेक्ष आहे की निरपेक्ष, हे पाहिले पाहिजे. जे स्मरणरंजन गेलेले परत मागते, ते वर्तमानाकडून त्याची वसुली करू पाहते, आणि मग ती वसुली कोणाकडून व्हायची हे ठरवणारे पुढारीही उभे राहतात. निरपेक्ष स्मरण वर्तमानाकडे काही मागत नाही.

५

येथे हा खटला निकालात निघाला असता, परंतु दुसरा आरोप अजून बाकी आहे. स्वतःच्या जखमेवरील अधिकार दुसऱ्याच्या जखमेपर्यंत पोचत नाही.

नोव्हेंबर १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेदास मनाई करणारा कायदा बहुमताने निष्प्रभ केला. जुलै १९६५ मध्ये ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’ हे बीच बॉइजचे गीत प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात त्याच लॉस एंजेलिसमधील वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत उद्रेक होऊन चौतीस माणसे मेली. २००८ च्या अल्बममधील सूर्य यातले काही पाहत नाही. पार्क्सच्या निवेदनांत किनाऱ्यावरचे बेघर लोक येतात, एका गीतात मेक्सिकन मुलगी येते. पण हे सारे शहराच्या रंगपटावरचे ठिपके आहेत. त्याहून विचित्र गोष्ट शीर्षकगीताची. मूळ गीत एका कष्टकऱ्याची तक्रार आहे: आपण दिवसभर राबतो, आणि सूर्याला आकाशात फिरण्याखेरीज काही काम नाही, यातून आपली सुटका व्हावी. सुखवस्तू आठवणींच्या मालिकेचे ध्रुवपद म्हणून हे गाऱ्हाणे उसने घेतले जाते, तेव्हा त्यातला राबणारा माणूस नाहीसा होतो आणि सूर्य तेवढा उरतो.

हॉथॉर्न या उपनगरातील विल्सनचे बालपणीचे घर १९८० च्या दशकात महामार्गासाठी पाडले गेले. त्या महामार्गाने हजारो कुटुंबे विस्थापित केली. त्यांतील कित्येक गरीब होती. २००५ साली घराच्या जागेजवळ राज्याची अधिकृत स्मृतिशिला उभी राहिली, ती या एका घरासाठी. विल्सनच्या आठवणीत खोटे काही नाही, पण शिळा कोणाच्या घराची उभारायची हे आठवणीच्या खरेखोटेपणावरून ठरत नाही. निरपेक्ष स्मरण स्मरणकर्त्याला असत्याच्या आरोपातून मुक्त करते. अन्यायाच्या आरोपातून ते त्याला मुक्त करू शकत नाही, कारण तो आरोप एकट्या त्याच्यावर नाहीच. तो ऐकणाऱ्यांवर, विकत घेणाऱ्यांवर आणि शिळा उभारणाऱ्यांवर आहे. म्हणून ‘स्मरणरंजनपर’ हा शिक्का कलाकृतीवर मारून समीक्षकाची सुटका होत नाही. एकाच्या आठवणीभोवती ज्यांच्या आठवणींना जागा मिळाली नाही, त्यांचा शोध घेण्याचे काम त्यानंतर सुरू होते. आणि ते काम वाचकाचे व समीक्षकाचे आहे.

मे २०२४ मध्ये न्यायालयाने विल्सनची देखभाल इतरांकडे सोपवली, कारण त्याची स्मरणशक्ती व आकलन क्षीण झाले होते. जून २०२५ मध्ये तो मरण पावला. शेवटच्या काळात या अल्बममधील आठवणी त्याच्यापाशी कितपत होत्या, हे कोणी सांगू शकणार नाही. ज्याच्या त्या होत्या त्याच्याकडून त्या सुटल्या आणि परक्यांच्या हाती आल्या, त्यांतल्या चुकांसकट आणि त्यांनी वगळलेल्यांसकट. उसने घेतलेल्या सत्याचे ऋण आता त्या हातांवर आहे.