न विचारलेला प्रश्न

जुनी गाडी विकताना गिऱ्हाईकाने जे विचारलंच नाही, ते आपण सांगायचं का?

माझी हॅचबॅक २०१२ची. सपाट रस्त्यावर मस्त पळते. घाट लागला की क्लच स्लिप होतो. इंजिन ओरडतं, गाडी वेग घेत नाही. बघायला येणारा सोसायटीभोवती एक चक्कर मारणार, एसी लावणार, ‘अ‍ॅव्हरेज किती?’ विचारणार. क्लचचा विषय निघणारच नाही.

कायद्याची फार अडचण नाही. १८७२च्या करार कायद्यातल्या कलम १७ नुसार नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही. मित्र म्हणतात, “मेकॅनिक आणायचा ना त्याने!”

पण ज्याला गाडीतलं कळतं, तो चढावर नेऊन बघतोच. म्हणजे माझ्या गप्प बसण्याने फसणार तो फक्त पैसे साठवून पहिली गाडी घेणारा, ज्याला काय विचारायचं हेच माहीत नाही.

शिवाय अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये दाखवलं, की चांगली-वाईट गाडी ओळखता आली नाही तर गिऱ्हाईक सगळ्यांनाच कमी भाव देतं. मग चांगल्या गाड्या बाजारात येईनाशा होतात. माझ्या मौनाची किंमत पुढचा प्रामाणिक विक्रेताही मोजतो.

सॉफ्टवेअर देताना आम्ही ‘नोन इश्यूज’ची यादी जोडतो, कुणी मागितली नाही तरी. म्हणून जाहिरातीत फोटोखाली पहिलीच ओळ लिहिली आहे: क्लचप्लेट बदलावी लागेल. भाव पंधरा हजारांनी उतरेल. ते पैसे तसेही क्लचचेच होते.