शरणागती आणि शेजार

कळते पण वळत नाही, या साध्या अनुभवाला तत्त्वज्ञानात फार जुना आणि अवघड इतिहास आहे. इच्छा नसतानाही कुणीतरी बळाने जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो, असा प्रश्न भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो आणि रजोगुणातून उपजणारे काम व क्रोध हे त्याचे कारण म्हणून त्याला सांगितले जाते. ग्रीक परंपरेत सॉक्रेटिसाने ही अवस्थाच नाकारली. ज्याला आपले हित खरोखर उमगले तो अहित करणार नाही, आणि करत असेल तर त्याला ते उमगलेलेच नाही, असे त्याचे म्हणणे होते. अ‍ॅरिस्टॉटलने मात्र आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या सातव्या भागात ‘अक्रासिया’ म्हणजे आत्मसंयमाचा अभाव ही खरीखुरी अवस्था मानली आणि तिचे स्वरूप सांगताना मद्याच्या अमलाखाली असलेल्या माणसाचा दाखला दिला: असा माणूस ज्ञानाची वाक्ये बिनचूक म्हणू शकतो, पण त्या क्षणी ते ज्ञान त्याच्या हाताशी नसते.

व्यसनाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण ज्या इच्छेच्या बळावर व्यसन सोडायचे ती इच्छाच व्यसनाने पोखरलेली असते. मग उपचाराकडे पहिले पाऊल टाकतो तो कोण? मोकळ्या इच्छेचा माणूस असे उत्तर दिले, तर त्याला उपचाराची गरज का पडावी, हे सांगता येत नाही. बांधलेल्या इच्छेचा माणूस असे म्हटले, तर त्याने पाऊल कसे उचलले, हे कोडे उरते. हे कोडे केवळ अभ्यासिकेतले नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय केंद्राने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या व्यसनात अडकलेल्या सुमारे 38 जणांपैकी केवळ एकाला कोणत्याही प्रकारचे उपचार मिळाले होते, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 180 जणांत एक इतके खाली होते. उरलेल्यांना इच्छाशक्ती नव्हती, असे म्हणून हा प्रश्न मिटवणे सोपे असले, तरी ते अन्यायाचे आहे. या लेखातील प्रतिपादन असे की इच्छा ही एकट्या माणसाच्या आत साठवलेली शक्ती नसून ती तो ज्यांच्यामध्ये राहतो त्यांच्याकडेही काही अंशी असते. आणि म्हणून उपचार कुठे आहेत, किती जवळ आहेत, हा सोयीचा नव्हे, तर नीतीचा प्रश्न आहे.

भक्तिशास्त्राने या कोड्याला फार पूर्वी हात घातला होता. रामानुजांच्या श्रीवैष्णव संप्रदायात पुढे दोन शाखा झाल्या आणि त्यांच्यातील मतभेद मर्कटन्याय आणि मार्जारन्याय या नावांनी ओळखला जातो. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते. त्याप्रमाणे जीवाने आपल्याकडून काही प्रयत्न केल्याशिवाय ईश्वरकृपा फळत नाही, हा मर्कटन्याय. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. त्याप्रमाणे जीवाचा प्रयत्न गौण असून कृपाच सर्व काही करते, हा मार्जारन्याय. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात या दोन्ही न्यायांना एकाच वेळी जागा द्यावी लागते, ही त्या क्षेत्राची खरी तात्त्विक श्रीमंती आहे. अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी 1935 मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीवर माणूस दारूपुढे आपण हतबल असल्याचे कबूल करतो, दुसरी-तिसरीवर आपल्याहून मोठ्या शक्तीच्या हाती स्वतःला सोपवतो. येथवर हा मार्जारन्याय आहे. चौथ्या पायरीपासून मात्र स्वतःच्या दोषांची झडती, त्यांची दुसऱ्या माणसापुढे कबुली, दुखावलेल्यांची भरपाई असे कष्टाचे काम सुरू होते आणि पिल्लाला आपले हात घट्ट आवळावे लागतात. शरणागती ही येथे प्रयत्नाची सुट्टी नाही, तर प्रयत्नाची सुरुवात आहे.

ती मोठी शक्ती म्हणजे नेमके काय, यावर 1939 मध्ये प्रसिद्ध झालेला संघटनेचा मूळ ग्रंथ सिद्ध होत असतानाच वाद झाला आणि ईश्वर न मानणाऱ्या सभासदांच्या आग्रहामुळे ज्याला त्याला जसा समजेल तसा ईश्वर, अशी मोकळीक त्यात आली. ही तडजोड वरवरची वाटते, परंतु तिच्यात खोल अर्थ आहे, आणि तो महाराष्ट्रातील संस्थांकडे पाहिले की स्पष्ट होतो. मुंबईत वांद्र्याला 1981 मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू करणारे फादर जो परेरा हे कॅथलिक धर्मगुरू आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य; त्यांनी बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले, ते मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांच्या पुढाकाराने. गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर अवचटांनी केलेले लेखन आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी दिलेले पाठबळ हे त्यामागचे निमित्त होते. साताऱ्याला ‘परिवर्तन’ ही संस्था उभी केली ती डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी, ज्यांचे सारे आयुष्य अंधश्रद्धा निर्मूलनासाठी वेचले गेले. एक धर्मगुरू, एक समाजहितैषी दांपत्य आणि एक विवेकवादी, अशा तीन निरनिराळ्या भूमिकांवर उभ्या असलेल्या लोकांनी एकाच दुःखावर काम उभे केले. ईश्वराविषयी त्यांचे एकमत होणे शक्य नव्हते. एकट्याने हे सुटत नाही, एवढ्यावर मात्र तिघांच्याही कामाचा पाया आहे. मोठी शक्ती कोणती यापेक्षा आपण मोठे नाही, ही कबुली अधिक महत्त्वाची ठरते, आणि ती कबुली ऐकायला समोर कुणीतरी असावे लागते.

या कबुलीचे दृश्य रूप म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची सभा. शाळेचा रिकामा वर्ग किंवा चर्चचे सभागृह, गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, कडेच्या टेबलावर चहाचा थर्मास, आणि एकेक जण उठून केवळ आपले पहिले नाव सांगतो व पुढे म्हणतो, मी मद्यपाशी आहे. हा ‘मद्यपाशी’ शब्द मराठी सभांमध्ये रुळलेला आहे. मद्याच्या पाशात सापडलेला, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यात बेवडा या शब्दातला तिरस्कार नाही. समोर बसलेले कुणी उपदेश करत नाहीत, कारण प्रत्येकाने तीच वाट तुडवलेली असते. कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये 27 अभ्यासांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात या पद्धतीला धरून केलेले उपचार दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रचलित मानसोपचारांहून सरस ठरल्याचे दिसले. माणसाची संगत बदलते, हे त्यामागचे एक मोठे कारण अभ्यासकांनी मांडले आहे. सत्संगाचा महिमा सांगणाऱ्या वारकरी परंपरेला हा निष्कर्ष नवा वाटू नये.

तथापि शरणागतीच्या या विचाराला एक कडक मर्यादा घालून द्यावी लागते, आणि ती न पाळल्याने माणसे दगावली आहेत. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या काही तासांतच हात थरथरू लागतात; कपबशी ओठांपर्यंत नेताना चहा अंगावर सांडतो, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना तीव्र भ्रम होतो: भिंतीवर नसलेले किडे दिसतात, घरचे माणूस ओळखू येत नाही, ताप आणि नाडी चढते. ही अवस्था उपचारांवाचून प्राणघातक ठरू शकते. योग्य औषधे आणि थायमिन हे ब जीवनसत्त्व वेळेवर मिळाले, तर हाच प्रवास बहुधा सुखरूप पार पडतो. त्यामुळे देवापुढे शपथ घेऊन त्याच क्षणी सारे सोडणाऱ्याची श्रद्धा कितीही निर्मळ असली, तरी त्याला आधी डॉक्टरांकडे नेणे म्हणजे त्या श्रद्धेचाच मान राखणे आहे.

येथे जवळ आणि दूर यांचा प्रश्न उभा राहतो. व्यसनी माणसाला घरापासून लांब पाठवावे, म्हणजे जुन्या संगतीपासून तो सुटेल, असा विचार अनेक कुटुंबे करतात आणि त्यात तथ्य आहे. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी 1970 च्या दशकात अभ्यास केला. तिथे अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले जेमतेम पाच टक्के निघाले. ओढ माणसाइतकीच जागेतही वसत असते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. पण सैनिकांना परत जायचे होते ते व्यसनाच्या जागेपासून दूर, आणि केंद्रातून घरी येणारा रुग्ण परततो तो नेमका व्यसनाच्या जागेत: तोच नाका, तोच गुत्ता, पगाराच्या दिवशी वाट पाहणारे तेच मित्र. काही आठवडे लांब राहून शुद्ध झालेले शरीर महिन्याभरात पुन्हा तिथेच येते, तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहणारे कुणी त्याच गावात नसेल, तर दोष त्याच्या इच्छाशक्तीवर ढकलणे गैर आहे. भरती लांब झाली तरी चालेल. पाठपुरावा मात्र पायी जाता येईल इतका जवळ हवा. गडचिरोलीत लोकचळवळीतून 1993 मध्ये दारूबंदी लागू झाली, तरी केवळ कायद्याने भागत नाही हे ओळखून 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाने तालुक्याच्या ठिकाणी उपचार आणि गावागावांत शिबिरे नेली, त्यामागचे शहाणपण हेच आहे.

धार्मिक परंपरांनी व्यसनमुक्तीचे मुख्य साधन मानले ते व्रत. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा मद्य-मांसाचा त्याग स्वीकारतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती. दोन्ही व्रते चारचौघांत घेतली जातात, हे त्यांचे बळ आहे, आणि लाखो घरे त्यांनी सावरली, हे नाकारता येणार नाही. व्रताची अडचण ते मोडल्यावर कळते. वैद्यकशास्त्र व्यसनाला पुन्हा पुन्हा उलटणारा दीर्घ आजार मानते, म्हणजे काही काळ सुटलेले व्यसन परत जडणे ही त्या आजाराची नेहमीची चाल समजते. व्रताच्या भाषेत मात्र तेच पाप ठरते, आणि माळ उतरवून ठेवलेला माणूस लाजेपोटी ज्यांच्याकडे यायला हवे त्यांनाच टाळू लागतो. म्हणूनच आजच्या दिवसापुरते न पिण्याचा संकल्प, जो सभांमध्ये रोज नव्याने केला जातो, तो व्रताचा संकोच नसून त्याचे अधिक सूक्ष्म रूप मानावे. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनावर अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले आहेत. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे, आणि पुन्हा करण्यात पुन्हा चुकणे गृहीतच आहे.

इच्छेला बाजूला सारून उपचार उरकण्याचा मोह मात्र निःसंदिग्धपणे नाकारला पाहिजे. रुग्णाला न कळवता जेवणात मिसळून दारू सोडवणाऱ्या औषधांच्या जाहिराती भिंतीभिंतींवर दिसतात. डायसल्फिरॅम हे औषध पोटात असताना दारू घेतली, तर चेहरा लाल होणे, धडधड, ओकाऱ्या आणि रक्तदाब कोसळणे असे परिणाम होतात. ते ठाऊक नसलेल्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे. काही तथाकथित केंद्रांत रुग्णांना बांधून ठेवणे, मारहाण करणे चालते, तेही याच विचाराचे टोक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला, साखळदंडांना बंदी घातली, आणि स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करण्याची मुभा देताना तिला पहिल्या खेपेस तीस दिवसांची मर्यादा घातली. या मर्यादेत सूक्ष्म न्याय आहे: माणसाची इच्छा काही काळ दुसऱ्याने सांभाळावी, पण ती परत करण्यासाठीच.

केंद्र शोधणाऱ्या कुटुंबाने चौकशी करायची ती याच अंगाने. संस्था राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेली आहे का, पहिल्या आठवड्यात डॉक्टर उपलब्ध असतात का, घरच्यांना भेटू देतात का, आणि बाहेर पडल्यावर पाठपुरावा कोण करतो, हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. सामाजिक न्याय मंत्रालयाची 14446 ही विनाशुल्क हेल्पलाइन जवळच्या सेवांची माहिती देते. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये हे सरकारी मार्ग आहेत. अमली पदार्थांचे सेवन करणारा माणूस पोलिसांच्या भीतीने उपचार टाळत असेल, तर 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम 64अ त्याला ठाऊक करून द्यावे: थोड्या प्रमाणातील पदार्थाशी वा सेवनाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

स्त्रीच्या बाबतीत हा सारा विचार वेगळ्या वळणावर येतो. शेजार तिला बळ देण्याआधी तिच्यावर नजर ठेवतो, तिचे पिणे हा तिच्या चारित्र्याचा पुरावा मानतो, आणि म्हणून पुरुषाला जे जवळपण तारते तेच तिला मारक ठरू शकते. मुक्तांगणला स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढावा लागला. नाव गुप्त ठेवण्याच्या तत्त्वाचे खरे मोल अशा वेळी कळते: तिला पहिली सभा पलीकडच्या उपनगरात, जिथे कुणी ओळखत नाही तिथे गाठता आली पाहिजे, आणि आपल्या भागातील सभेत केव्हा यायचे, हे तिचे तिलाच ठरवता आले पाहिजे.