उघडता येते म्हणून

काही महिन्यांपूर्वी आमच्या कार्यालयातील संगणकाचा परवलीचा शब्द आम्ही विसरलो. धर्मग्रामातील एका तरुणास बोलाविले. त्याने अर्ध्या तासात तो उघडून दिला व आम्ही कौतुकाने त्याची पाठ थोपटली. चहा घेताना तो सहज म्हणाला, "फादर, तुमची सगळी पत्रं दिसतात हो इथं." "वाचलीस की काय?" आम्ही विचारले. तो हसला. आम्हीही हसलो.

त्याच तरुणाने पुढे एक जपानी विनोदी चित्रमालिका आम्हांस दाखविली. ‘बॅटल प्रोग्रामर शिरासे’ हे तिचे नाव. हिरोकी हायाशी ह्यांनी दिग्दर्शित केलेली, छोट्या पंधरा भागांची ही मालिका २००३ साली जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. त्यातील काही विनोद बालकांसमोर ठेवण्याजोगे नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. नायक अकिरा शिरासे ह्याच्या वागण्याबोलण्यावरून त्याच्या सामर्थ्याची कल्पनाही येत नाही. पण जगातील कोणत्याही संगणकात तो शिरू शकतो. मोबदला म्हणून तो पैसे घेत नाही. एखादा दुर्मीळ, जुना सुटा भाग मिळाला की स्वारी खूश!

अशा नायकावर प्रेक्षक लोभावतो, ह्यात नवल नाही. साध्या दिसणाऱ्या माणसाने बलाढ्यांची कुलुपे लीलया उघडावीत, हे कोणास आवडणार नाही? शिवाय तो लोभी नाही. परंतु लोभ नाही म्हणजे दोष नाही, असे म्हणता येईल काय?

संत ऑगस्टीन ह्यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीचा शोध घेतला आहे. मित्रांसह त्यांनी रात्री शेजारच्या झाडावरील नाशपती चोरल्या. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. आनंद फळाचा नव्हता, मनाई मोडण्याचा होता. आणखी एक गोष्ट ते नमूद करतात: एकटे असतो तर हे केले नसते. सोबत्यांच्या हसण्याने ते घडले.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी कौशल्य आणि सद्गुण ह्यांत भेद केला आहे. कौशल्याने काम चांगले होते. सद्गुणाने काम करणारा चांगला होतो. कुशल कुलूपवाला गावातील प्रत्येक दार उघडू शकतो. तरीही मालकाने बोलाविले तेव्हाच तो येतो आणि दार उघडून उंबरठ्याबाहेर उभा राहतो. त्याची प्रतिष्ठा त्याच्या हातातील किल्ल्यांत नसते, ह्या थांबण्यात असते.

कोणी म्हणेल, नुसते पाहिले, काही नेले नाही, मग बिघडले काय? शिरासेच्याच देशाने १९९९ साली केलेल्या कायद्यान्वये परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हाच गुन्हा ठरतो. काही चोरलेच पाहिजे, असे नाही. ह्यामागील विचार आम्हांस योग्य वाटतो. घरातील वस्तू जागच्या जागी असतील. पण परक्याची नजर फिरून गेली, की घरच्यांचा निर्धास्तपणा जातो. तो परत आणून ठेवता येत नाही.

इथवर विचार केल्यावर त्या तरुणास दोष देणे आम्हांस कठीण झाले. संगणक उघड, असे आम्हीच सांगितले होते. कोठे थांबावे, ते सांगितले नव्हते. तो हसला तेव्हा सोबतीने हसलो, ते आम्हीच. त्या पत्रांतील दुःखे आमची नव्हती. केवळ आमच्या भरवशावर ती कोणी लिहिली होती.

आम्ही त्यास पुन्हा बोलाविले. एक पत्र वाचले, असे त्याने खाली मान घालून सांगितले. त्या कुटुंबाकडे आम्ही एकटेच गेलो. आमच्या निष्काळजीपणामुळे पत्र दुसऱ्याच्या नजरेस पडले, एवढेच सांगितले. त्याचे नाव सांगितले नाही. घरातील माउली बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, यापुढे लिहिणार नाही. प्रत्यक्ष येऊन बोलेन."

हा त्यांचा आमच्यावरील विश्वास होता की त्याचा उरलेला अंश, हे आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही. आपल्याही घरात एखादे बुद्धिमान लेकरू असेल. त्याने काही उघडून दाखविले, तर कौतुक जरूर करावे. पण हसण्यापूर्वी, ते कोणाचे आहे, एवढे मात्र विचारावे.